शिट्टी झाली नाही म्हणून गॅस मोठा केला

मावशी, मी 34 वर्षांची, डोंबिवलीला राहते. घरात नवरा, सासूबाई आणि 4 वर्षांची मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी डब्याच्या घाईत तुरीची डाळ लावली होती, हल्ली मी डाळ डायरेक्ट कुकरमध्येच लावते, भांडं घासायचं वाचतं. 2 लिटरचा छोटा कुकर आहे, पाऊण भरला होता. बराच वेळ शिट्टी झालीच नाही म्हणून मी गॅस मोठा केला आणि मुलीला बूट घालायला हॉलमध्ये आले, तेवढ्यात धाडकन आवाज. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता, डाळ छताला, खिडकीला, सगळीकडे. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून मी कुकरच लावत नाही, पातेल्यात डाळ शिजवते, तास जातो, लोकल चुकते. गॅस पेटवताना पण हात थरथरतो. सासूबाई म्हणतात आम्ही चाळीस वर्षं स्वयंपाक केला, आमचं नाही असं काही झालं. नवरा म्हणतो इंडक्शन घेऊ. आणि एक, सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात असतो, कपाट उघडलं की कधी कधी वास येतो, सासूबाई म्हणतात नवीन सिलिंडर लावला की येतोच. नळी लग्नातलीच आहे, 9 वर्षांची, ती पण बदलायचीय. असो. मी उगाच घाबरतेय का ते सांगा.

*

अगं, उगाच अजिबात नाही, एवढी गरम डाळ छताला चिकटलेली बघितल्यावर कुणाचाही हात थरथरेल. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला कुकरपाशी थांबलेच नाही, थांबले ते शेवटच्या ओळींवर, ज्या तू 'आणि एक' म्हणून लिहिल्यास आणि 'असो' म्हणून सोडून दिल्यास. जिथे मोठा आवाज झाला तिथे तुझी सगळी भीती जाऊन बसलीय आणि ओट्याखालचं कपाट मात्र आवाज करत नाही म्हणून तसंच राहिलंय. मला त्या कपाटाची भीती वाटते. त्यामुळे कुकरचं नंतर बोलू, आधी हे कर, आणि आजच कर, रविवारची वाट बघू नकोस.

शेगडीची दोन्ही बटणं बंद, मग रेग्युलेटर बंद. कपाटाची दारं उघडी टाक, खिडकी उघड, घराचं दार उघड. वास येत असेल तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते, आणि एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नाही, बाकी वेळी तो कितीही चांगला असला तरी. तुमच्याकडे देवघर स्वयंपाकघरातच असेल तर दिवा उदबत्ती विझव. मग रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर ती दोरीवाली टोपी बसव, मुलीला आणि सासूबाईंना घेऊन बाहेर पड आणि जिन्यात किंवा खाली जाऊन 1906 ला फोन लाव. गॅसगळतीसाठीचाच नंबर आहे, 24 तास चालतो. फोन घराबाहेर जाऊनच करायचा, हे सासूबाईंनाही सांगून ठेव, कारण तू ऑफिसला गेल्यावर घरात त्याच असतात.

आता वास का येतो ते सांगते म्हणजे 'येतोच' हे उत्तर तुला पटायचं बंद होईल. ह्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळला तर कळावं म्हणून मुद्दाम त्यात मर्कॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं द्रव्य मिसळतात. म्हणजे वास येतोय ह्याचा अर्थ गॅस बाहेर आलाय, दुसरा अर्थ नाही. रेग्युलेटर बसवताना क्षणभर फुस्स होतं, तेवढा वास येतो आणि दोन मिनिटांत जातो, सासूबाई म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरंय. पण दार उघडलं की वास, पुन्हा चार दिवसांनी दार उघडलं की वास, ही गळती आहे. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा खाली पसरतो आणि बंद कपाटाच्या तळाशी साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला तरी पेट घ्यायला तेवढा पुरतो. म्हणून कपाटाच्या दाराला अगदी खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं पाडून घे, सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सिलिंडर उभाच ठेव, त्याच्या शेजारी कांदे बटाटे, जुने पेपर, फिनाईल असलं काही कोंबू नकोस.

नळी. 9 वर्षं म्हणजे फार झाली गं. ती नारिंगी सुरक्षा नळी मिळते ना, तिची मुदतही 5 वर्षं असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. तुझी लग्नातली बहुतेक हिरवी साधी रबरी असणार, ती हातात घेऊन दोन बोटांत वाकवून बघ, वाकवलेल्या जागी केसासारख्या बारीक भेगा दिसतात. शेगडीच्या बाजूचं टोक तर आधी बघ, उष्णतेने तिथेच पहिल्यांदा कडक होते. गॅस एजन्सीकडूनच नवी घे आणि त्यांच्याच माणसाकडून बसवून घे, दीड मीटरच्या वर लांब नको. नळी छान दिसावी म्हणून वरून कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर घालतात काही जणी, ते नको, आत उंदराने कुरतडलं तरी कळत नाही.

आणि पुढच्या वेळी सिलिंडर येईल तेव्हा डिलिव्हरीवाल्या दादांना दारातच थांबव, वजन करून मागायचा तुझा हक्क आहे, आत गॅस 14.2 किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर लिहिलेलं असतं. टोपी काढून तोंडात आत बघ, एक छोटी काळी रबराची रिंग असते, ती चिरलेली किंवा गायब असली की नेमका तुझ्यासारखा थोडाथोडा वास येत राहतो, माझा तर अंदाज आहे तुझ्याकडे एक तर ही रिंग गेलीय नाही तर नळी. वरच्या उभ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि साल असतं, ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, त्या तारखेनंतर टाकीची तपासणी बाकी असते, तसली टाकी घरात घ्यायचीच नाही. जोडून झालं की भांड्यांच्या साबणाचा फेस बोटाने सांध्यांवर लाव, बुडबुडा फुगला तर गळतंय. काडी पेटवून बघणारी माणसं मी ह्याच डोळ्यांनी बघितलीयत, तसं कुणी करायला लागलं तर हात धर त्याचा.

बरं, आता कुकर.

तू जे लिहिलंयस त्यातच सगळं उत्तर आहे, नीट बघ. डाळ डायरेक्ट कुकरमध्ये, 2 लिटरच्या कुकरमध्ये पाऊण भरलेली, शिट्टी होईना, गॅस मोठा. तुरीची डाळ उकळली की फेस धरते, हे पातेल्यात तू आता रोज बघतेसच, कसा पांढरा फेस वर येतो आणि उतू जातो. कुकरमध्ये त्या फेसाला जायला एकच वाट असते, झाकणातली ती बारीक नळी जिच्यावर शिट्टी बसते. कुकर पाऊण भरलेला म्हणजे फेस थेट त्या नळीपर्यंत, त्याच्याबरोबर डाळीची सालं, आणि नळी चोंदली. वाफ बाहेर पडेना म्हणून शिट्टी होईना, आणि तू समजलीस की आच कमी पडतेय. त्या शिट्टी न होण्यातच कुकर तुला सांगत होता की माझं तोंड बंद झालंय. मोठ्या आचेवर नेहमीच्या वेळेत शिट्टी झाली नाही तर गॅस मोठा करायचा नाही, बंद करायचा आणि लांब उभं राहायचं, शिट्टीला हात लावायचा नाही, झाकणाशी झटापट करायची नाही, पूर्ण गार होईपर्यंत, अर्धा तास लागला तरी. डब्यात त्या दिवशी पोळी लोणचं गेलं तर गेलं.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणजे कुकर फुटला असं तू मनात धरलंयस, तसं झालं नाही. त्या व्हॉल्व्हमध्ये एक धातू असतो जो ठरावीक उष्णतेला वितळतो आणि वाफेला वाट करून देतो, म्हणजे झाकण किंवा कुकर फाटू नये. छताला डाळ गेली ती त्या वाटेने. 1679 साली डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनला पहिलं असं वाफ कोंडणारं भांडं दाखवलं, आणि सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच काढला, म्हणजे वाफ कोंडायची तर ती सुटायची दुसरी वाट ठेवलीच पाहिजे हे तेव्हापासून माहितीय. तुझ्या घरात त्या दिवशी ती दुसरी वाट कामाला आली. आता तिथे नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा बसव, कुकरचं मॉडेल सांगून घे, रस्त्यावर मिळतो तो कुठलाही 'बसतो हो ताई' म्हणून घेऊ नकोस, खोळ तशीच दिसते पण आतला धातू वेळेवर वितळेल ह्याची खात्री कोण देणार. झाकणाची रबरी रिंगही बघ, ताठ झाली असेल, कडेने वाफ सुटत असेल तर बदल.

ह्यापुढे डाळ भांड्यात लाव, आपल्या आईआजी लावायच्या तशी, खाली पाणी, वर डाळीचं भांडं, त्यावर भाताचं. एक भांडं जास्त घासायला लागेल पण फेस भांड्यातच राहतो. फक्त खालचं पाणी विसरायचं नाही, घाईत ते विसरलं की कुकर कोरडा तापतो आणि व्हॉल्व्ह तेव्हाही जातो. कधी डायरेक्ट लावलीसच तर अर्ध्याच्या वर भरायचं नाही म्हणजे नाही, वर चमचाभर तेल, त्याने फेस बसतो, आणि पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक.

सासूबाईंचं आता बोलते, कारण मला वाटतं तुला कुकरइतकंच ते लागलंय. 'आमचं नाही असं काही झालं' हे ऐकून तुला वाटलं की आपणच वेंधळ्या. पण त्यांना एकदा शांतपणे विचार, आई, तुमच्याकडे स्टोव्ह होता का आणि त्याची पिन आठवते का. त्या वयाच्या कुठल्याही बाईला विचार, डोळ्यांसमोर येते ती पिन, पत्र्याची चपटी लांब पट्टी आणि तिच्या टोकाला वीतभर सोड, बोटाच्या पेराएवढीही नसलेली बारीक तार. रॉकेलच्या स्टोव्हचं भोक काजळीने चोंदायचं, ज्योत पिवळी पडायची, की पिन मारायची. माझी आई रोज सकाळी चहाच्या आधी पिन मारायची, मारल्याशिवाय पंप मारायला हातच लावायची नाही, आणि आम्हाला स्टोव्हच्या त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. त्या बायकांना काही झालं नाही कारण त्या भोक रोज साफ करत होत्या, आणि ज्यांना झालं त्यांचं काय झालं ते माझ्या पिढीने पेपरात वाचलंय, 'स्टोव्हचा भडका' हे दोन शब्द वाचले की आजही पोटात गोळा येतो. म्हणून सासूबाईंना म्हण की आई ह्या कुकरची पिन मारायचं काम तुमच्याकडे. रोज झाकण लावायच्या आधी उजेडाकडे धरून नळीतून बघायचं, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. शिट्टीही उलटी करून तिचं भोक बघायचं. नाही दिसला उजेड तर जाड सुई घालून साफ, वरून पाण्याची धार. दहा सेकंद लागतात. तुला सकाळी वेळ नसतो आणि त्यांना हे काम तुझ्यापेक्षा चांगलं येतं, ते मी खात्रीने सांगते.

नवऱ्याला सांग की इंडक्शन घ्यायला माझी ना नाही, ज्योत नाही, गळती नाही, चांगलंच आहे, खालून सपाट आणि इंडक्शनला चालणारा कुकर मात्र लागेल. पण नळी चोंदलेली असेल तर कुकर इंडक्शनवर पण तेच करणार, आणि ओट्याखालची टाकी तशीच राहिली तर आपला मूळ प्रश्न तिथेच.

अजून एक तुझ्या पत्रातलं. गॅस मोठा करून तू हॉलमध्ये आलीस. त्या दिवशी त्यानेच वाचलीस हे खरं, पण ही सवय कढईच्या बाबतीत घातक आहे. तेल तापत ठेवून बूट घालायला, दार उघडायला, फोन घ्यायला जायचं नाही, जायचंच असेल तर गॅस बंद करून जायचं. तेलातून धूर यायला लागला म्हणजे ते पेटायच्या वाटेवर आहे. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही कधीच, एक लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल उधळत वर येते, सगळं स्वयंपाकघर पेटतं. गॅस बंद, आणि मोठं झाकण किंवा ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर टाकायचं, मग गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही, कढई उचलून बाल्कनीत न्यायची तर अजिबात नाही.

तेलाचं मी एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे. आषाढी एकादशी होती, साबुदाण्याचे वडे. जाड थापलेले, बाहेरून कडक झाले आणि आत वाफ कोंडली, एक वडा फुटला आणि उकळतं तेल मनगटापासून कोपरापर्यंत. शेजारच्या काकू धावत आल्या आणि मायेने टूथपेस्ट फासली, गार वाटलं पाच मिनिटं. दवाखान्यात डॉक्टरांना आधी ती वाळलेली पेस्ट जखमेवरून काढायला लागली, ते दुखणं तेलापेक्षा जास्त होतं, आणि हात एवढा सुजला होता की बांगड्या कापून काढल्या, त्यातली एक आईची होती. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की भाजलं की पहिल्यांदा बांगड्या अंगठ्या उतरव आणि हात नळाखाली धर, 20 मिनिटं, घड्याळ लावून, तर डाग एवढा राहिला नसता. नळाला पाणी नसेल तर बादलीतलं मगाने ओतत राहा. साधं पाणी, बर्फ नाही. हळद नाही, शाई नाही, तूप नाही, बटाट्याचा कीस नाही. फोड फोडायचा नाही, कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही, स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना, चेहरा, हात, सांधा किंवा तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल तर नक्कीच, आणि लहान मुलाचं असेल तर कितीही भाजलेलं असो. मोठं काही असेल तर 108. वडे मी आताही करते, पातळ थापते, मधोमध बोटाने भोक पाडते आणि कडेने सोडते.

मुलगी 4 वर्षांची म्हणजे तिचा हात आता ओट्याच्या कडेला पोचत असणार, म्हणून गरम पातेलं ओट्याच्या कडेपासून लांब, भिंतीच्या बाजूला, सांडशी घट्ट आहे का बघ, ढिल्या सांडशीतून पातेलं निसटतं, आणि ओल्या फडक्याने गरम भांडं धरू नकोस, चटका आरपार येतो. विळी असेल तर मिटून, पातं भिंतीकडे. गाऊनच्या बाह्या घट्ट, ओढणी काढून ठेव, आणि मिठाची बरणी जर शेगडीच्या मागे असेल तर आज तिची जागा बदल, पेटत्या गॅसवरून हात घालायला लागता कामा नये. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद.

आणि थरथरणाऱ्या हाताचं. नळी बदलून झाली, वास गेला, नवा व्हॉल्व्ह बसला की येत्या रविवारी, घाई नसेल तेव्हा, कुकरमध्ये नुसतं दोन वाट्या पाणी घाल, दुसरं काही नाही. सासूबाईंना शेजारी उभं कर, त्यांना नळीतून उजेड बघू दे. झाकण लाव, शिट्टी न ठेवता गॅस पेटव आणि दोन हात लांब उभी राहा. चार पाच मिनिटांत नळीतून वाफेची सरळ पांढरी धार वर येईल. ती बघ नीट, घाई करू नकोस. धार सरळ आणि जोरात आली म्हणजे वाट मोकळी आहे. मग आच बारीक करून शिट्टी चिमट्यात धरून नळीवर बसव, हात वाफेवर न्यायचा नाही, आणि पहिली शिट्टी होऊ दे, मग गॅस बंद कर आणि तिथेच थांब, वाफ आपोआप बसेपर्यंत. पुढच्या रविवारी डाळ.

मग मला दोन ओळी लिही, आधी कपाटाचं काय निघालं ते, कुकरचं त्यानंतर.

तुझी मावशी